कॅसेट कोणाची, खेळ कोणाचा?

मंडळी, आज नगरपालिका, पाणीपट्टी, खड्डे काहीही नाही. आज व्हिडिओगेम. हसू नका. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. विषय पोराटोरांचा वाटला तरी शेवटी तो धंद्याचा आहे, आणि आपल्याकडची पोरं आता त्या धंद्यात उतरायला लागलीत म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, त्यांना मारियो आणि कॉन्ट्रा आठवत असतील. आपण त्याला 'कॅसेट' म्हणायचो. एका कॅसेटमध्ये म्हणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम, प्रत्यक्षात तेच पाच-सहा पुन्हा पुन्हा. ते बहुतेक डबे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'फॅमिकॉम' या मशीनची नक्कल होते. मारियो निन्टेंडोचा स्वतःचा. कॉन्ट्रा मात्र तिचा नाही, तो कोनामी या दुसऱ्याच कंपनीचा. म्हणजे मशीन एकाची, खेळ दुसऱ्याचा. मग पैसे कोणाला किती? आणि ते ठरवतं कोण? आजचा विषय एवढाच आहे. (आपल्या कॅसेटमधून दोघांनाही दमडी मिळाली नाही, ती गोष्ट निराळी.)

सुरुवात अमेरिकेत. १९७७ साली अटारी कंपनीने व्हीसीएस नावाचं कन्सोल बाजारात आणलं. त्याच्या आधीच, १९७६ ला, वॉर्नर या बड्या कंपनीने अटारी विकत घेतली होती. पुढे प्रमुख म्हणून रे कसार आले. हे गृहस्थ कापड धंद्यातले, बर्लिंग्टन इंडस्ट्रीजमधले. त्या वेळी अटारीच्या मशीनवरचे सगळे गेम अटारीच बनवायची. दुसऱ्या कोणी आपल्या मशीनसाठी गेम बनवावा, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. आणि गेमच्या खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव छापायचं नाही, हा नियम.

वॉरन रॉबिनेट नावाच्या एका प्रोग्रामरने यावर तोड काढली. 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये त्याने एक गुप्त खोली केली आणि तिथे आपलं नाव लिहून ठेवलं. साहेबांना पत्ता लागला तोवर कॅसेट दुकानात गेलेल्या होत्या.

पण खरा भडका उडाला तो एका कागदामुळे. कुठला गेम किती विकला गेला याची यादी मार्केटिंगवाल्यांनी प्रोग्रामरांना पाठवली. हेतू असा की ज्याला गिऱ्हाईक आहे तसेच गेम आणखी बनवा. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅपलान, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी ती यादी घेऊन हिशेब मांडला. क्रेन यांनी नंतर मुलाखतींतून सांगितलंय की १९७८ मध्ये सुमारे १० कोटी डॉलरच्या कॅसेट विकल्या गेल्या आणि त्यातला ६० टक्के धंदा या चौघांच्या गेमचा होता. पगार प्रत्येकाला वर्षाला वीस-तीस हजार डॉलर. चौघं कसार यांच्याकडे गेले. खोक्यावर नाव द्या आणि विक्रीतला थोडा वाटा द्या, एवढीच मागणी. क्रेन सांगतात त्याप्रमाणे साहेबांचं उत्तर असं होतं की कारखान्यात कॅसेट जोडणाऱ्या कामगारापेक्षा तुम्ही काही जास्त नाही.

आता जोडणाऱ्या कामगाराला कमी लेखायचं कारण नाही. पण साहेबांना एक गोष्ट दिसली नाही. ही माणसं उठून गेली तर ते मशीन नुसता लाकडी पट्टीचा डबा राहतो. १ ऑक्टोबर १९७९ ला जिम लेव्ही यांच्याबरोबर ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. मशीन अटारीचं, गेम ॲक्टिव्हिजनचे. जगातली ही पहिली 'बाहेरची' गेम कंपनी. अटारीने कोर्टात खेचलं. १९८२ मध्ये तडजोड झाली, ॲक्टिव्हिजनने अटारीला रॉयल्टी द्यायची आणि गेम बनवत राहायचं. त्याच वर्षी क्रेन यांचा 'पिटफॉल' आला, त्याच्या ४० लाखांवर प्रती गेल्या. आणि गेमसोबतच्या पुस्तिकेत बनवणाऱ्याचं नाव आणि फोटो.

कन्सोल कंपनी आणि बाहेरची गेम कंपनी यांचं नातं असं जन्माला आलं. प्रेमातून नव्हे, भांडणातून.

दार उघडलं म्हटल्यावर मग वाट्टेल तो आत घुसला. घोड्याचा खुराक नव्हे, पण ओट्स विकणाऱ्या क्वेकर ओट्सनेसुद्धा गेम कंपनी घेतली! अटारीकडे कोणाला अडवायला कायदाही नव्हता आणि कुलूपही. वाईट गेमचा ढीग पडला, दुकानदारांनी माल परत पाठवायला सुरुवात केली. अटारीने स्वतःच घाईघाईत काढलेल्या 'ई.टी.' गेमच्या कॅसेट १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ ला लोकांनी खणून बाहेर काढल्या तेव्हा ही दंतकथा नाही हे सिद्ध झालं. १९८३ ला तीन अब्ज डॉलरच्या वर असलेला अमेरिकेतला हा धंदा दोन वर्षांत दहा कोटींच्या आसपास आला, असं सांगतात. आपल्याकडे टोमॅटो रस्त्यावर ओततात ना, अगदी तसं.

या सगळ्याकडे जपानमधल्या क्योटोत बसून एक माणूस बघत होता. निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची. त्यांचं फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आलं. सुरुवातीला हडसन आणि नामको या कंपन्यांना त्यांनी गेम बनवायला घेतलं. गरज निन्टेंडोची होती, त्यामुळे अटी बऱ्या होत्या. नामकोला तर पाच वर्षांचा खास करार. पाच वर्षांनी तो संपला तेव्हा निन्टेंडो बाजारावर बसलेली होती आणि नव्या अटी इतरांसारख्याच कडक. नामकोचे संस्थापक मासाया नाकामुरा जाहीरपणे चिडले, मक्तेदारी म्हणाले. पण शेवटी सही केलीच. जाणार कुठे? गरज सरो, वैद्य मरो.

हे नाकामुरा लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत.

१९८५ मध्ये हेच मशीन एनईएस नावाने अमेरिकेत आलं, तेव्हा निन्टेंडोने अटारीची चूक टाळली. मशीनमध्ये एक चिप आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींचं जमलं तरच गेम चालणार. ही चिप निन्टेंडोशिवाय कोणाकडे नाही. म्हणजे गेम बनवायचा तर निन्टेंडोची सही पाहिजे. (फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतं. नक्कल करणाऱ्यांचं आणि आपलं फावलं ते म्हणून.)

अटी वाचा. वर्षाला पाचच गेम काढायचे. काढलेला गेम दोन वर्षं दुसऱ्या मशीनवर द्यायचा नाही. कॅसेट निन्टेंडोच बनवून देणार, पैसे आधी भरायचे. माल खपला नाही तर तोटा तुमचा. गेममध्ये काय दाखवायचं, काय नाही, हेही निन्टेंडो ठरवणार. १९८८ मध्ये चिपचा तुटवडा पडला तेव्हा कोणाला किती कॅसेट मिळणार हेसुद्धा निन्टेंडोच्याच हातात. ज्यांनी कधी बाजार समितीत माल नेऊन पट्टीची वाट बघितलीय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तरी कंपन्या रांगेत उभ्या होत्या, कारण गिऱ्हाईक तिथेच होतं. आणि खरं सांगायचं तर निन्टेंडोची बाजू अगदीच खोटी नव्हती. कचरा माल अडवल्यामुळेच दुकानदार पुन्हा गेम ठेवायला तयार झाले. कडक पहारा आणि पिळवणूक यांची सरमिसळ झाली की वाद घालणं अवघड जातं, कारण पहाऱ्याचा फायदा सगळ्यांनाच दिसत असतो.

लोकांनी पळवाटा शोधल्या. कोनामीने पाच गेमची मर्यादा ओलांडायला 'अल्ट्रा' नावाची दुसरी पाटी लावली. पाटी वेगळी, मालक तोच. अटारी गेम्सने तर हद्द केली. (मूळ अटारीचे तोवर तुकडे झाले होते, त्यातला हा एक.) 'टेंजेन' या नावाने आधी रीतसर परवाना घेतला, मग कुलूप तोडायचं ठरवलं. ते नुसतं अभ्यासून तुटेना. तेव्हा वकिलांमार्फत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात जाऊन सांगितलं की कोर्टात दावा चालू आहे, आम्हाला त्या चिपच्या प्रोग्रामची प्रत हवी. दावा तेव्हा चालूच नव्हता! प्रत मिळाली, जोडचिप तयार झाली. डिसेंबर १९८८ मध्ये टेंजेनने उलट निन्टेंडोवरच मक्तेदारीचा खटला भरला. निन्टेंडोने ते प्रकरण बाहेर काढलं आणि १९९२ ला कोर्टाने निकाल दिला की वस्तू उघडून अभ्यास करणं एक, पण खोटं सांगून मिळवलेली प्रत वापरणं दुसरं. टेंजेन हरली. आपल्याकडे नगररचना विभागातून नकाशे कसे मिळवतात याचे किस्से ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

निन्टेंडोला खरा धक्का सरकारकडून बसला नाही. १९९१ मध्ये किमती बांधून ठेवल्याच्या आरोपावर अमेरिकेत तडजोड झाली, तिची शिक्षा काय तर गिऱ्हाइकांना पाच डॉलरची कुपनं! म्हणजे पुन्हा निन्टेंडोचाच माल घ्यायचा. धक्का बसला तो समोर दुसरं दुकान उघडलं म्हणून.

सेगा कंपनीचं जेनेसिस १९८९ ला अमेरिकेत आलं. सेगालाही निन्टेंडोसारखीच रॉयल्टी हवी होती. तेव्हा ट्रिप हॉकिन्स यांची इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, हिने काय केलं? आपल्या माणसांना बसवून जेनेसिस मशीन उघडलं, ते कसं चालतं याचा स्वतंत्र अभ्यास केला आणि परवान्याशिवाय गेम बनवायची तयारी पूर्ण केली. कोणाचे कागद चोरले नाहीत, खोटं बोलले नाहीत. १९९० च्या जूनमध्ये, मोठ्या प्रदर्शनाच्या तोंडावर, हॉकिन्स सेगाकडे गेले. आम्ही तुमच्याशिवायही गेम काढू शकतो, आणि वाटलं तर इतरांनाही शिकवू शकतो. आता बोला! हॉकिन्स यांच्या सांगण्यानुसार सौदा ठरला तो कॅसेटमागे २ डॉलर आणि एकूण २० लाख डॉलरची कमाल मर्यादा. नाक दाबलं, तोंड उघडलं. पण फायदा सेगाचाही झाला. ईएचे मॅडन फुटबॉलसारखे खेळ जेनेसिसवर आले आणि अमेरिकन पोरं त्या मशीनकडे वळली. दोन वर्षांनी ॲकोलेड या छोट्या कंपनीच्या खटल्यात अपील कोर्टानेही म्हटलं की आपला गेम दुसऱ्याच्या मशीनवर चालावा म्हणून असा अभ्यास करणं रास्त आहे.

टेंजेन आणि ईए, दोघांचा हेतू एकच. फरक कागदपत्रांचा.

आता सोनी. सोनी आणि निन्टेंडो मिळून सीडीवर चालणारं मशीन करणार होते. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हात मिळवल्याचं जाहीर केलं. जाहीर अपमान. सोनीतले इंजिनिअर केन कुतारागी यांनी मग स्वतःचंच मशीन काढायचा हट्ट धरला. पण सोनीकडे मारियो नव्हता. मशीन बनवता येतं हो, खेळ आणायचे कुठून? म्हणून सोनीने उलटी रीत धरली. निन्टेंडो ज्यांना छळते त्यांच्या दारात जायचं.

पहिला मोठा मासा कोण? नामको. तेच नाकामुरा! ३ डिसेंबर १९९४ ला प्लेस्टेशन जपानमध्ये आलं, त्याच दिवशी नामकोचा 'रिज रेसर' त्याच्यासोबत होता. सोनीचं आकर्षण काय होतं? एक तर सीडी. कॅसेट बनवायला महाग आणि महिने लागायचे, त्यामुळे किती खपेल याचा आधीच जुगार खेळावा लागे. सीडी स्वस्त, काही दिवसांत हव्या तेवढ्या पुन्हा छापून मिळत. म्हणजे न खपलेल्या मालाची भीतीच कमी झाली. दुसरं, गेम बनवायची अवजारं. आधी त्यासाठी महागडी खास यंत्रं लागणार होती, सोनीने साध्या पीसीत बसणारी कार्डं उपलब्ध करून दिली. गोड बोलण्यापेक्षा या दोन गोष्टींनी जास्त काम केलं, असं माझं मत.

सेगाने याच वेळी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. सॅटर्न हे नवं मशीन सप्टेंबर १९९५ ला येणार असं सगळ्यांना सांगितलेलं. ११ मे रोजी अचानक जाहीर केलं की आजपासून विक्री सुरू! बाहेरच्या कंपन्यांचे गेम सप्टेंबरच्या हिशेबाने चाललेले, काही दुकानदारांना तर माल मिळालाच नाही. किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीच्या माणसाने व्यासपीठावर जाऊन एकच आकडा उच्चारला, २९९, आणि खाली उतरला. लग्नाची तारीख बदलून मुलीकडच्यांना न सांगणारे वरपक्षवाले बघितलेत ना, तसा सेगाचा प्रकार.

निन्टेंडोचं नवं मशीन १९९६ ला आलं, पण कॅसेटवरच. स्क्वेअर ही कंपनी तोवर निन्टेंडोच्या घरातली मानली जायची, 'फायनल फँटसी' हे गेम फक्त तिथेच येत. पण सातव्या भागाचा पसारा कॅसेटमध्ये मावेना. स्क्वेअरने सोनीची वाट धरली. जानेवारी १९९७ मध्ये तो गेम तीन सीडींवर आला, आणि अमेरिकेत तो विकायची, त्याचा गाजावाजा करायची जबाबदारी सोनीने स्वतः घेतली. पाठोपाठ एनिक्सनेही 'ड्रॅगन क्वेस्ट' सोनीकडे नेत असल्याचं जाहीर केलं. यामाउची इतके दुखावले की स्क्वेअरचा गेम निन्टेंडोच्या घरच्या कन्सोलवर परत यायला २००३ उजाडलं. प्लेस्टेशनं दहा कोटींच्या वर खपली, निन्टेंडोचं ते मशीन साधारण ३ कोटी ३० लाख.

सेगाचा शेवट पुढच्या मशीनवर झाला. १९९९ ला अमेरिकेत आलेल्या ड्रीमकास्टवर ईएने एकही गेम दिला नाही. जिने जेनेसिस तारलं तीच. कारणं अनेक सांगतात, पण जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि वर्ष संपायच्या आत सेगाचा सोनिक निन्टेंडोच्या मशीनवर पळत होता. मशीनवाला स्वतःच 'बाहेरची कंपनी' झाला.

आणि सोनी कायम गोड राहिली असं समजू नका. २०१८ पर्यंत 'फोर्टनाइट' खेळणाऱ्यांना प्लेस्टेशनवरून दुसऱ्या मशीनवरच्या मित्राशी खेळता येत नव्हतं. सोनीने सप्टेंबरमध्ये दार उघडलं, पण २०२१ च्या एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात बाहेर आलं की त्यासाठी काही परिस्थितीत गेम कंपनीने सोनीला भरपाई द्यायची अट होती. त्याच खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्ष दिली की एक्सबॉक्स मशीन विकून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. मशीन तोट्यात विकायचं आणि गेमच्या विक्रीतून, ३० टक्के कापून, भरून काढायचं. म्हणजे दुकानात जी मशीन 'स्वस्त' मिळते तिची किंमत कोणीतरी तिसराच भरतोय, गेम बनवणारा.

छोट्यांशी नातं तर फार उशिरा जुळलं. २०१२ मध्ये 'फेझ' या छोट्या गेममध्ये चूक सापडली. ती दुरुस्त केलेली आवृत्ती पुन्हा तपासून घ्यायला मायक्रोसॉफ्ट हजारो डॉलर मागतं, आम्हाला परवडत नाही, असं सांगून बनवणाऱ्यांनी दुरुस्तीच थांबवली. बभ्रा झाला. पुढच्या वर्षी सोनीने नव्या मशीनच्या कार्यक्रमात जोनाथन ब्लो या एकट्या-दुकट्या गेम बनवणाऱ्याला व्यासपीठावर उभं केलं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टलाही छोट्यांसाठी वेगळी योजना काढावी लागली. मधल्या काळात मोबाइल आणि पीसीवर छोट्यांना गिऱ्हाईक मिळायला लागलं होतं. म्हणून ही माया.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी' नावाचा गेम केला. २०१७ ला लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला. तरी ते चिकटून राहिले. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आला तो सगळ्यात आधी निन्टेंडोच्या स्विचवर, दोन महिन्यांनी इतर मशीनवर. नातं असं बदललंय बघा. १९८८ ला दोन वर्षं दुसरीकडे जायला बंदी, इथे दोन महिने. जगातल्या मोठ्या पुरस्कारात पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. २०२३ मध्ये सोनीने 'इंडिया हिरो प्रोजेक्ट' जाहीर केला, भारतातल्या गेम बनवणाऱ्यांना पैसा, मार्गदर्शन आणि प्लेस्टेशनवर जागा. चीनमध्ये असाच प्रकल्प सोनीने २०१६ लाच सुरू केला होता.

चांगलं आहे, घ्यावं. पण सोनी आपल्याकडे आत्ता का आली, हे नामकोच्या पाच वर्षांच्या कराराकडे बघून समजून घ्यावं. तालुक्याच्या गावातली पोरंही आता घरी बसून गेम बनवतायत, काही जण मेसेज करून सांगतात. त्यांच्यासाठी सांगतो, ई-मेलवर कराराचा मसुदा आला की आनंदाच्या भरात अंगठा उठवू नका. तीन गोष्टी शोधा. गेमचं नाव आणि पात्रं कोणाच्या मालकीची राहणार, दुसरीकडे न्यायला किती महिने बंदी आहे, आणि दिलेले पैसे हे मानधन आहे की पुढच्या विक्रीतून कापून घ्यायची उचल. उसाच्या टोळीला मुकादमाची उचल म्हणजे काय ते माहीत असतं, इंजिनिअर झालेल्या पोराला बऱ्याचदा नसतं. वकिलाची फी जाईल थोडी, जाऊ द्या. आणि मसुदा इंग्रजीत चाळीस पानांचा असेल तर चाळीसही पानं वाचा, त्यातही 'नूतनीकरण' हा शब्द जिथे आहे ते पान दोनदा.